विरोधी पक्षनेतेपद ही मेहेरबानी नव्हे

डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले आणि आठवडाभरात उरकलेही. सुमारे ७५ हजार कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, विधेयके आली, मंत्र्यांची उत्तरे झाली. हा सारा कारभार विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना झाला. विधानसभेतले हे पद नोव्हेंबर २०२४ च्या निकालापासून भरलेले नाही. परिषदेत अंबादास दानवे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली आणि ती खुर्चीही रिकामी झाली. शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाने विधानसभेसाठी भास्कर जाधव यांचे नाव दिले, काँग्रेसने परिषदेसाठी सतेज पाटील यांचे. दोन्ही नावांवर निर्णय नाही. विचारले की उत्तर मिळते : हा अध्यक्षांचा आणि सभापतींचा अधिकार आहे, ते योग्य वेळी निर्णय घेतील.

वर्ष उलटून गेल्यावरही जी योग्य वेळ येत नाही, तिला चालढकल म्हणतात. ही चालढकल निषेधार्ह आहे, आणि सत्ताधाऱ्यांना मत दिलेल्यांनीही तिचा निषेध केला पाहिजे, असे आमचे मत आहे.

सरकारच्या बाजूने पुढे केला जातो तो दहा टक्क्यांचा दंडक. विधानसभेच्या २८८ जागांच्या दहा टक्के म्हणजे २९. शिवसेना (ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरद पवार) १०. एकाही पक्षाकडे २९ नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेता नाही. हिशेब ऐकायला सोपा आहे, पण त्याला कायद्याचा आधार नाही. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा महाराष्ट्राचा कायदा १९७८ चा आहे. सरकारच्या विरोधात बसणाऱ्या पक्षांपैकी ज्याचे संख्याबळ सर्वाधिक, त्याचा नेता, आणि त्याला अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता, एवढीच त्यातली व्याख्या. दहा टक्क्यांचा त्यात उल्लेख नाही. तो दंडक आला लोकसभेतून. पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या काळात संसदीय पक्ष म्हणून कोणाला ओळखायचे, कोणाला बसायला जागा आणि बोलायला वेळ किती द्यायचा, हे ठरवण्यासाठी गणपूर्तीइतक्या, म्हणजे दहा टक्के, संख्येचा निकष लावला गेला. पक्षाला मान्यता देण्याचा तो निकष पुढे विरोधी पक्षनेतेपदाला चिकटवला गेला. २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ खासदार असलेल्या काँग्रेसला लोकसभेत हे पद नाकारले गेले, तेही याच आधारावर. ते तेव्हाही चूकच होते.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा तर याच्या नेमकी उलट आहे. १९६२ च्या पहिल्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाकडे अवघ्या १५. दहा टक्के लावले असते तर २७ हव्या होत्या. तरीही शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि दहा वर्षे त्या जागी राहिले. १९७२ मध्ये काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, शेकापकडे ७ उरल्या. त्या सात जणांचे दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा लढा पुढे ज्यांनी उभा केला, तेच हे दि. बा. सात आमदारांचा नेता सभागृहात उभा राहिला म्हणून २२२ आमदारांच्या सरकारचे काही बिघडले नाही.

हे सारे १९७८ च्या कायद्याआधीचे, असे कोणी म्हणेल. मग नंतरचे पाहा. १९८५ च्या विधानसभेत काँग्रेस (एस) विरोधातला मोठा पक्ष होता. १९८६ च्या अखेरीस शरद पवारांनी तो इंदिरा काँग्रेसमध्ये विलीन केला आणि विरोधी बाकांवर छोटे पक्ष उरले. निवडणुकीत जनता पक्षाला २० जागा मिळाल्या होत्या, शेकापला १३. त्या सभागृहात निहाल अहमद, दत्ता पाटील आणि मृणाल गोरे यांनी विरोधी पक्षनेतेपद सांभाळले. कायदा हाच, सदस्यसंख्या हीच २८८, आणि दहा टक्के यातल्या कोणाकडेच नव्हते. जनता पक्षाच्या वीस जणांना जे मिळाले, ते आज वीस जणांच्या पक्षाला का मिळू नये, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. ते फक्त सोयीत सापडते.

दिल्लीतले उदाहरण तर भाजपच्याच हिताचे आहे. २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाने घेतल्या आणि भाजपला तीन मिळाल्या. त्या तिघांपैकी विजेंदर गुप्ता यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळाली. तीन आमदारांवर जो मान भाजपने स्वीकारला, तो वीस आमदारांच्या पक्षाला मुंबईत नाकारताना त्याच भाजपला संकोच वाटायला हवा होता.

शिवाय सरकार कसे बनले आहे? तीन पक्षांच्या युतीचे. १३२, ५७ आणि ४१ अशी बेरीज करूनच ते बहुमत सांगते. सत्तेसाठी युतीची बेरीज चालते आणि विरोधासाठी मात्र प्रत्येक पक्षाची वेगळी मोजणी, हा न्याय कोणता? विरोधातल्या तीन मुख्य पक्षांची बेरीज ४६ होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या तिघांना मिळून झालेल्या मतदानाच्या सुमारे एक तृतीयांश मते पडली. म्हणजे दोन कोटींहून अधिक मतदार. ‘जनतेने त्यांना नाकारले’ हे वाक्य त्यामुळे अपुरे आहे. जनतेने त्यांना सत्ता नाकारली आणि विरोधाचे काम दिले. कौल दोन्ही बाकांसाठी असतो.

हे पद काय असते, हे सांगण्याची गरज निदान या सरकारच्या नेत्यांना तरी नसावी. ५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावर ज्या तिघांनी शपथ घेतली, ते देवेंद्र फडणवीस, एकनाथ शिंदे आणि अजित पवार हे तिघेही कधी ना कधी याच विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. शिंदे २०१४ मध्ये महिनाभरच, पवार २०२२-२३ मध्ये, आणि फडणवीस २०१९ पासून अडीच वर्षे. त्यातल्या फडणवीसांची कारकीर्द तर या पदाचा उपयोग शिकवणारी आहे. मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यांनी पोलीस अधिकारी सचिन वाझे यांचे नाव सभागृहात घेतले, फोनच्या नोंदींचे तपशील मांडले आणि अटकेची मागणी लावून धरली. सरकार आधी बचावावर उतरले, पण पुढे काही दिवसांत वाझे यांना अटक झाली. पुढल्या वर्षी मार्चमध्ये विशेष सरकारी वकिलांच्या संभाषणांच्या चित्रफिती असलेला पेनड्राइव्ह त्यांनी उपाध्यक्षांकडे दिला. त्या आरोपांची राजकीय बाजू कोणाला पटो न पटो, सरकारला उत्तर द्यावे लागले, कारण विचारणारा विरोधी पक्षनेता होता. तो उभा राहिला की अध्यक्ष त्याला बोलू देतात, मंत्री ऐकून घेतात, आणि कामकाजाच्या नोंदीत प्रश्न राहतो. इतर आमदाराला मात्र लक्षवेधी लागण्याची वाट पाहावी लागते. फडणवीसांनी जे हत्यार इतक्या कौशल्याने वापरले, ते पुढच्याच्या हाती पडू नये, अशी त्यांच्या पक्षाची इच्छा असेल तर ती समजू शकते. तिचे समर्थन मात्र करता येत नाही.

सभागृहाबाहेरचीही कामे या पदाला जोडलेली आहेत. राज्य मानवी हक्क आयोगावरच्या नेमणुकांची शिफारस करणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, अध्यक्ष आणि गृहमंत्री यांच्यासोबत विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. जिथे परिषद आहे तिथे तिचे सभापती आणि तिथला विरोधी पक्षनेताही. समितीत जागा रिकामी आहे एवढ्यावरून नेमणूक रद्द होत नाही, अशी सोयही कायद्यात आहे. म्हणजे दोन्ही विरोधी पक्षनेते नसले की पोलिसी अत्याचाराच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगावर कोण बसणार, हे एकट्या सत्ताधारी बाजूने ठरवले तरी कायदा अडवणार नाही. माहिती अधिकार कायदा करणाऱ्यांनी २००५ मध्ये हा धोका ओळखला होता. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीबाबत त्यांनी स्पष्टीकरण घातले की मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता मानावा. अध्यक्षांच्या मर्जीवर त्यांनी ते सोडले नाही. हा शहाणपणा विधिमंडळाला स्वतःच्या घरात का लागू करता येऊ नये?

विरोधी पक्षही यात निर्दोष नाहीत. निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला आणि जाधवांच्या नावाचे पत्र मार्च २०२५ मध्ये गेले. मधले हिवाळी अधिवेशन तसेच निघून गेले. पद हवे आणि त्यासाठीची लगबग नको, असे चालत नाही. याहून मोठी चूक जुलै २०२५ मध्ये झाली. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आले. संघटना बेकायदा ठरवण्याचा, त्यांच्या जागा आणि पैसे जप्त करण्याचा, त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा अधिकार सरकारला देणारे हे विधेयक. संयुक्त समितीकडे त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले होते. विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले, तेव्हा ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. परिषदेत दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सभात्याग केला. ज्या मुद्द्यावर बाहेर हजारो लोक उभे होते, त्यावर आत सगळ्या विरोधकांच्या वतीने एक ठरलेला, जबाबदार आवाज लागायला हवा होता. तो नव्हता. पद रिकामे असल्याचा तो परिणाम होता, तसाच विरोधकांच्या ढिलाईचाही. खुर्ची मिळेपर्यंत काम सुरू करायचे नाही, ही सबब लोकांनी मान्य करू नये.

त्याच पावसाळी अधिवेशनाच्या दिवसांत राज्याने आणखी काय पाहिले? आमदार निवासाच्या उपाहारगृहात एका आमदाराने कर्मचाऱ्याला मारहाण केली. विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांच्या अंगावर गेले. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत फिरली. त्यांनी ते नाकारले, पण महिनाअखेर त्यांचे खाते बदलले. या तिन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. लोकप्रतिनिधीच्या वर्तनाचा जाब मोबाइलच्या कॅमेऱ्याने विचारला. सभागृहात प्रश्न विचारण्याची वाट अरुंद झाली की राजकारण चित्रफितींवर चालू लागते. मग दुसऱ्याची चित्रफीत खरी आणि आपल्याची ‘अर्धवट’ असे म्हणणाऱ्या फौजा दोन्ही बाजूंना तयार असतात. मारहाण झालेला कर्मचारी मागे पडतो, आमदार कोणाचा यावर वाद रंगतो.

आपल्या राजकीय मतांचा हा सगळ्यांत वाईट आजार आहे. कृती बघायच्या आधी झेंडा बघायचा. रिकाम्या जागांच्याच बाबतीत गेल्या पाच-सहा वर्षांची यादी काढली तरी पुरे. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडीने परिषदेवर नेमण्यासाठी बारा नावे दिली. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ती शेवटपर्यंत अडवून धरली. तेव्हा भाजपचे समर्थक राज्यपालांच्या अधिकारावर व्याख्याने देत होते. जुलै २०२१ मध्ये आघाडीने भाजपचे बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव घटनाबाह्य ठरवला. एक वर्ष मतदारसंघाला प्रतिनिधीच न ठेवणे ही शिक्षा आमदाराला होत नाही, मतदाराला होते. तेव्हा आघाडीचे समर्थक शिस्तीच्या गोष्टी सांगत होते. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडले आणि जुलै २०२२ पर्यंत विधानसभेला अध्यक्षच नव्हता. राज्यपालांनी निवडणुकीची तारीख दिली नाही हे खरे, पण आघाडीनेही सुरुवातीचे महिने वाया घालवले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा उपाध्यक्षांवर सारी मदार होती, आणि त्या पोकळीची किंमत आघाडीनेच चुकती केली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली; त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार नगरसेवकांशिवाय, प्रशासकाच्या सहीने चालला.

प्रत्येक वेळी ज्याची सत्ता त्याच्या लोकांनी त्या रिकाम्या जागेचे समर्थन केले आणि प्रत्येक वेळी नुकसान सामान्य माणसाचे झाले. विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद हे या यादीतले ताजे नाव आहे. त्यावर शिवसेना ठाकरे गटाचा समर्थक चिडतो आणि भाजपचा खूश होतो, यात नवल नाही. पण भाजपला मत दिलेल्या मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकाने शांतपणे विचार करावा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत त्याचे उभे पीक पाण्याखाली गेले, जमीन खरवडून गेली. सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातले किती त्याच्या खात्यात आले, पंचनाम्यात गट क्रमांक चुकला तर दाद कुठे मागायची, पीक विम्याचे काय झाले, हे सत्ताधारी आमदार मुख्यमंत्र्यांना सभागृहात खडसावून विचारणार आहे का? त्याला मंत्रिपदाची, निधीची, पुढच्या उमेदवारीची आशा असते. खडसावून विचारणे हे विरोधी पक्षनेत्याचे काम, आणि शेवटच्या आठवड्यात नियम २९२ खाली विरोधकांचा प्रस्ताव मांडून सरकारकडून सविस्तर उत्तर घेण्याची प्रथाही त्याच्याचमुळे जिवंत असते. ‘लाडकी बहीण’ योजनेचेही तसेच. सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारनेच जुलै २०२५ मध्ये सांगितले, त्यांत चौदा हजारांहून अधिक पुरुष निघाले. ते आत आले कसे, आणि आता बाहेर काढताना खऱ्या गरजू बाईचे दीड हजार रुपये बंद होणार नाहीत याची हमी कोणाची? ही बाई कोणत्याही पक्षाची मतदार असू शकते. प्रश्न तिच्यासाठीच विचारायचा आहे.

एक आक्षेप मात्र आम्हालाही टोचतो. विरोधी पक्षनेता करून उपयोग काय, तोच उद्या सत्तेत जाऊन बसतो. नारायण राणे २००५ मध्ये, राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये आणि अजित पवार २०२३ मध्ये विरोधी पक्षनेतेपदावरूनच पलीकडे गेले आणि मंत्री झाले. लोकांचा विश्वास उडाला, तो उगाच नाही. तरीही त्याचा इलाज पद रिकामे ठेवणे हा नाही. माणसे बेइमान निघाली म्हणून ठाणे बंद करत नाहीत, ठाणेदार बदलतात. दत्ता पाटील, मृणाल गोरे, दि. बा. पाटील यांनीही हेच पद सांभाळले होते. त्यांच्यापैकी कोणी त्याचा जिना केला नाही.

तेव्हा मागण्या दोन आहेत आणि दोन्ही सरळ आहेत. पहिली : पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकर आणि सभापती राम शिंदे यांनी आपापल्या सभागृहातल्या सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला मान्यता द्यावी. नाव नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यावे, म्हणजे ते न्यायालयात तपासता येईल. दुसरी : १९७८ च्या कायद्यात दुरुस्ती व्हावी. माहिती अधिकार कायद्यासारखे एक स्पष्टीकरण त्यात घालावे की सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता हाच विरोधी पक्षनेता मानला जाईल, आणि पत्र आल्यापासून पंधरा दिवसांत तशी घोषणा होईल. दहा टक्के नकोत, मर्जी नको आणि योग्य वेळही नको.

ही दुरुस्ती आज सत्तेत असलेल्यांनी स्वतःहून आणावी. सव्वादोनशेहून अधिक आमदार पाठीशी असताना त्यांना कसले भय आहे? आणि हे सरकार आपले मानणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आमदाराला पुढच्या भेटीत हाच प्रश्न विचारावा. पक्ष न सोडता विचारावा. सत्ता कायम आपल्याच लोकांकडे राहणार असे धरून नियम मोडू द्यायचे, तर एक दिवस आपण त्या बाकांवर बसू आणि आपला प्रश्न विचारायला कोणी उभा नसेल. आघाडीच्या समर्थकांना हे आता समजले आहे. युतीच्या समर्थकांनी ते सत्तेत असतानाच समजून घेतले, तर महाराष्ट्राचे भले होईल.